वसतिगृहाची खरेदी : तेच सामान दरवर्षी नव्याने

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

महाविद्यालये सुरू होण्याच्या सुमारास शहरातील दुकानांत जी झुंबड उडते तिच्या बातम्या व छायाचित्रे दरवर्षी प्रसिद्ध होतात. मात्र बाजारातील उलाढाल आणि रस्त्यावरची कोंडी यांपलीकडे त्या गर्दीची फारशी चर्चा होत नाही. बरीच वर्षे महाविद्यालयांच्या शेजारी राहत असल्यामुळे या खरेदीची दोन्ही टोके माझ्या पाहण्यात आहेत. सत्राच्या आरंभी गाद्या, टेबले, पंखे, बादल्या, आरसे आणि कपडे वाळत घालायचे स्टँड जिने चढून वर जातात. वर्ष संपले की त्यांतल्याच पुष्कळशा वस्तू खाली येऊन पदपथावर पडतात. मधल्या काही आठवड्यांत त्या वस्तू सांभाळायला कोणी नसते, आणि म्हणून पुढच्या वर्षीची मुले तेच सगळे पुन्हा नव्याने विकत घेतात. हा मधला काळ सांभाळण्याची जबाबदारी महाविद्यालयांनी व वसतिगृहांनी घेतली पाहिजे, हे मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच. विषय रोजच्या व्यवहारातला असल्यामुळे तो थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

ही गर्दी होते ती मुलांच्या हौसेमुळे नव्हे, तर सगळ्यांना एकाच तारखेला घरात शिरायचे असते म्हणून. याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील बोस्टन शहराचे आहे. तेथील विद्यार्थी-वस्तीतील बहुसंख्य भाडेकरार ३१ ऑगस्टला संपतात आणि नवे करार १ सप्टेंबरला सुरू होतात. जुने घर आदल्या दिवशी सोडायचे आणि नवे दुसऱ्या दिवशी ताब्यात यायचे, अशा पेचात सापडलेल्यांना मधली एक रात्र सामानासह कुठेतरी काढावी लागते. त्या दिवशी ऑल्स्टन या भागात पदपथांवर इतके टाकलेले सामान जमते, आणि ते उचलायला इतके लोक येतात, की त्या प्रकाराला स्थानिक लोकांनी ‘ऑल्स्टन ख्रिसमस’ असे नावच देऊन टाकले आहे. भाड्याने घेतलेले उंच ट्रक नदीकाठच्या स्टोरो ड्राइव्ह या रस्त्यावरच्या ठेंगण्या पुलांखाली अडकतात, आणि तसे होऊ नये म्हणून दरवर्षी आधीपासून सूचना द्याव्या लागतात. कॅनडातील क्विबेक प्रांतात १ जुलै हा असाच सामूहिक घरबदलाचा दिवस आहे. तेथे पूर्वी ही तारीख मे महिन्यात येत असे. शाळेचे वर्ष मध्येच तुटू नये म्हणून १९७० च्या दशकात ती पुढे नेण्यात आली. म्हणजे तारीख ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे आणि मनात आणले तर ती बदलता येते. परंतु क्विबेकमध्ये तारीख सरकली तरी ती सर्वांसाठी एकच राहिली, त्यामुळे गर्दी हटली नाही, नुसती दुसऱ्या महिन्यात गेली. आपल्याकडे वसतिगृहात प्रवेश देताना वर्षानुसार वा मजल्यानुसार चार-पाच दिवसांची विभागणी केली, तरी दुकानांवरचा आणि रस्त्यांवरचा ताण पुष्कळ उतरेल. हे काम कार्यालयातून एक पत्रक काढण्याइतके सोपे आहे, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही.

खरेदी करणाऱ्यांची अडचण मात्र अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्या आठवड्यात एखाद्या मोठ्या दुकानाच्या चादरींच्या विभागात थोडा वेळ उभे राहिले, तरी ती कळते. आई, वडील आणि मुलगी हातात दोन पाकिटे घेऊन उभी असतात. एकावर एक माप लिहिलेले, दुसऱ्यावर दुसरे. खोलीतल्या पलंगाची लांबी तिघांपैकी कोणालाच माहीत नसते, कारण खोली अजून कोणी पाहिलेलीच नसते. वडील वसतिगृहाच्या कार्यालयाला फोन लावतात. तिथेही हीच गर्दी असल्यामुळे तो कोणी उचलत नाही. शेवटी दोन्ही पाकिटे घेतली जातात, एक परत करता येईल या आशेने. पुढे परतीच्या खिडकीसमोरची रांग पाहून ते पाकीट तसेच राहून जाते. अमेरिकेतील अनेक वसतिगृहांतले पलंग ८० इंच लांबीचे असतात, तर तेथील एका व्यक्तीसाठीचा नेहमीचा पलंग ७५ इंचांचा असतो. या पाच इंचांच्या फरकापायी घरून आणलेली, गादीला खोळीसारखी चढवायची चादर बसत नाही आणि नवी घ्यावी लागते. ही माहिती प्रवेशपत्रासोबत एका ओळीत देता येते. पलंगाची लांबी-रुंदी, पलंगाखालची मोकळी उंची, खिडकीचे माप, विजेच्या जोडण्या किती आणि कुठे, कपाटात दांडी आहे की नुसते कप्पे, खोलीत आधीपासून काय आहे आणि कशाला मनाई आहे, एवढे एका पानावर छापून दिले तर निम्मी अनावश्यक खरेदी जागच्या जागी थांबेल, असे माझे मत आहे.

मनाईचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पाणी उकळण्याची किटली, इस्त्री, हीटर यांसारखी उष्णता देणारी उपकरणे खूप वीज ओढतात, आणि एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड खोचून त्यावर ती चालवली तर वायर तापून आग लागू शकते. म्हणूनच अनेक वसतिगृहांत अशा उपकरणांना बंदी असते. परंतु ही बंदी विद्यार्थ्याला बहुधा खोलीत पोहोचल्यावर, दारामागे चिकटवलेल्या नियमावलीतून कळते. तोवर उपकरण विकत घेऊन झालेले असते, खोके फाडलेले असते आणि पावती हरवलेली असते. मग ते उपकरण एकतर लपवून वापरले जाते किंवा वर्षभर कपाटाच्या तळाशी पडून राहते. दोन्हींत नुकसानच आहे, आणि पहिल्यात धोकाही आहे.

त्यातच एका खोलीत राहणाऱ्या दोघांची वा तिघांची आधी ओळख नसते. प्रत्येकाच्या घरची माणसे आपापल्या परीने तयारी करतात आणि एका छोट्या खोलीत दोन केराच्या टोपल्या, दोन झाडू, दोन आरसे आणि दोन पंखे येऊन दाखल होतात. खोलीचे वाटप आठवडाभर आधी जाहीर केले आणि सोबत्यांना त्यांच्या संमतीने एकमेकांशी बोलण्याची सोय करून दिली, तर हा दुहेरी खर्च टळेल. दुकानांत ‘वसतिगृह संच’ म्हणून एकत्र बांधून विकल्या जाणाऱ्या वस्तूंविषयीही पालकांना सावध करावेसे वाटते. संचात दहा वस्तू असतील तर त्यांतल्या चार-पाचच उपयोगाच्या निघतात, उरलेल्या केवळ संच भरलेला दिसावा म्हणून असतात. पहिल्या रात्री लागते ते अंथरूण, पांघरूण, टॉवेल, साबण, कुलूप, बादली आणि दिवा. बाकीचे सगळे पंधरा दिवसांनी घेतले तरी चालते, आणि दुकानदार हंगामी माल गर्दी ओसरल्यावर उतरत्या दराने काढून टाकतात, त्यामुळे तेच पुष्कळदा स्वस्तही पडते. शिवाय खोलीत आठवडाभर राहिल्याशिवाय काय लागेल हे नेमके कळत नाही. ज्या मुलांच्या घरची परिस्थिती बेताची आहे त्यांच्यासाठी हा सल्ला विशेष कळकळीने देत आहे, कारण शेजारच्या खोलीत येणारी खोकी पाहून आपणही सगळे घेतले पाहिजे असा जो दबाव त्या पहिल्या आठवड्यात येतो, तो त्यांच्यावर सर्वाधिक येतो, आणि शुल्क भरून झाल्यावर हाती उरलेली रक्कम त्यात संपून जाते.

या गर्दीची झळ ज्यांचा महाविद्यालयाशी काही संबंध नाही अशा रहिवाशांनाही बसते. घरातला एकुलता पंखा बंद पडला, बाळासाठी पाण्याचा टब हवा आहे, आजारी माणसासाठी उशी घ्यायची आहे, अशा साध्या गरजांसाठी गेलेल्या माणसाला त्या आठवड्यात रिकाम्या फळ्या दिसतात. काठी टेकत आलेल्या वृद्धांना भरलेल्या ढकलगाड्यांच्या गर्दीतून वाट काढता येत नाही, आणि रांगेत तासभर उभे राहणे त्यांना झेपत नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत अनेक देशांतील दुकानांनी सकाळचा पहिला तास ज्येष्ठ व आजारी ग्राहकांसाठी राखून ठेवला होता. दुकानदारांना ते जमले होते. मग वर्षातून एखादा आठवडा ते पुन्हा करण्यास हरकत नसावी. दुकानातील कर्मचाऱ्यांचाही विचार व्हावा. त्यांतली कितीतरी जण स्वतः शिकणारी मुले असतात, जी पहाटे माल लावतात, दिवसभर तीच ती मापे सांगतात आणि रात्री विस्कटलेल्या चादरींच्या घड्या घालतात. उशीर झाला म्हणून ग्राहकांनी त्यांच्यावर आवाज चढवणे मला अत्यंत खटकते, कारण माल संपण्यात त्यांचा काही दोष नसतो.

आता वर्षाच्या दुसऱ्या टोकाकडे वळतो. अखेरचा पेपर झाला की मुलांना घरी जाण्याची घाई असते. गाडीची वेळ ठरलेली, सामानाच्या वजनावर मर्यादा, खोली ठरल्या वेळेत रिकामी करण्याचा आदेश. अशा वेळी टेबल विकायला गिऱ्हाईक शोधत बसणे कोणालाच शक्य नसते. मग ते टेबल खाली ठेवले जाते, कोणीतरी नेईल या भावनेने. कोणी नेले तर ठीक. नाहीतर एका पावसात त्याची रया जाते. स्वस्त फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा व डिंक दाबून केलेल्या फळ्यांचे असते. त्यात पाणी शिरले की फळी फुगते, आणि सुकली तरी पूर्ववत होत नाही. स्क्रू एकदा काढून पुन्हा बसवला तर त्याचे भोक सैल पडते. म्हणजे हे टेबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सुटे न करता, कोरडे राखून नेले तरच टिकते. उघड्यावर दोन रात्री ठेवले तर ते कचराच होते. अशा ढिगांमध्ये किमतीचे लेबल अजून न काढलेले डबे आणि पाकिटातून बाहेरच न आलेल्या उशांच्या खोळी मी पाहिल्या आहेत. ते पाहून फार वाईट वाटते, कारण कोणाच्या तरी आईवडिलांनी पै पै साठवून ते घेतलेले असते.

याचे एकूण प्रमाण लहान नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये त्या देशात सुमारे १ कोटी २० लाख टन फर्निचर व तत्सम सामान टाकून देण्यात आले आणि त्यातले सुमारे ८० टक्के कचराभूमीत गेले. हा आकडा सर्व घरांचा आहे. पण दर वर्षी जागा बदलणारे आणि स्वस्तातले सामान घेणारे विद्यार्थी या प्रवाहात ठरलेल्या महिन्यांत भर घालतात, हे त्यांच्या वस्त्यांतून फिरणाऱ्या कोणालाही दिसते. मॅसेच्युसेट्स राज्याने तर १ नोव्हेंबर २०२२ पासून गाद्या नेहमीच्या कचऱ्यात टाकण्यास बंदीच केली आहे, कारण गादी जागा फार व्यापते, दाबली जात नाही आणि तिच्यातले पोलाद, फोम व कापड वेगळे करून पुन्हा वापरता येते.

उपाय कोणी करून पाहिलेलाच नाही, असेही नाही. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये एक उपक्रम सुरू केला. वर्ष संपताना मुले टाकून देत असलेल्या वस्तू त्यांनी गोळा केल्या, सुट्टीत साठवून ठेवल्या आणि नवे वर्ष सुरू होताना नव्या मुलांना अल्प दरात विकल्या. विक्रीतून आलेल्या पैशांवर पुढच्या वर्षीचा उपक्रम चालला, म्हणजे विद्यापीठावर त्याचा कायमचा भार पडला नाही. ब्रिटनमध्ये ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही धर्मादाय संस्था विद्यापीठांच्या आवारात वर्षअखेरीस संकलन-पेट्या ठेवते, आणि जमलेल्या वस्तू आपल्या दुकानांतून विकून ते पैसे हृदयरोगाच्या संशोधनासाठी वापरते. दुसरी पद्धत राबवायला सोपी आहे, पण मला पहिली अधिक पटते, कारण तिच्यात वस्तू त्याच आवारात राहते आणि जिला तिची सर्वाधिक गरज आहे त्या नव्या मुलीच्या हाती थेट पोहोचते. वाहतूक नाही, मधली दुकाने नाहीत, आणि पलंगाच्या मापाची चादर त्याच मापाच्या पलंगावर जाते.

अर्थात सगळेच सामान फिरवता येत नाही, आणि या बाबतीत उत्साहाच्या भरात चूक होऊ नये. वस्तू साठवून पुन्हा देणाऱ्या अशा भांडारात वापरलेल्या गाद्या आणि उशा घेऊच नयेत. ढेकूण गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यांत आणि खुर्चीच्या कापडाखाली दडून बसतात आणि खाद्य न मिळताही कित्येक महिने तग धरतात; त्यामुळे सुट्टीभर बंद ठेवलेल्या खोलीत ते आपोआप मरतील अशा भरवशावर राहता येत नाही. एक बाधित गादी सगळ्या मजल्याला पुरते. चादरी, पडदे, पांघरुणे घ्यायची तर गरम पाण्यात धुऊन, कडक वाळवून, बंद पिशवीत ठेवावीत. गादीदार खुर्च्या व सोफे शक्यतो टाळावेत. ब्रिटनमध्ये १९८८ च्या नियमांनुसार अग्निसुरक्षेचे लेबल नसलेले गादीदार फर्निचर जुन्या बाजारातही विकता येत नाही, आणि ही खबरदारी योग्यच आहे. विजेच्या वस्तू जाणकाराने तपासल्याशिवाय पुढे देऊ नयेत. वायरचे आवरण तडकलेले, प्लगच्या पिना काळवंडलेल्या किंवा प्लास्टिक वितळल्याची खूण असेल तर ती वस्तू सरळ भंगारात द्यावी. एवढे वगळूनही धातूचे स्टँड, टेबले, खुर्च्या, आरसे, बादल्या, केराच्या टोपल्या, हँगर, पुस्तकांच्या मांडण्या, भांडी, टेबल-दिवे आणि सायकली एवढा मोठा ऐवज उरतो, आणि नव्या मुलाच्या यादीतला बराच भाग यातच भरून निघतो.

माझ्या ओळखीतील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात हा विषय काढला असता जागा नाही, असे उत्तर मिळाले. जागेची अडचण खरी आहे हे मान्य. पण हे भांडार वर्षभर लागत नाही. सुट्टी लागली की वर्गखोल्या, व्यायामशाळा आणि सभागृहे रिकामीच असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांपुरती ही साठवण हवी असते. विद्यार्थी परतण्याच्या आठवड्यात त्याच सभागृहात विक्री लावली की ते वर्ग भरण्याआधी मोकळे होते. कामासाठी माणसे हवीत हेही खरे. त्यासाठी समाजसेवेच्या उपक्रमांतील विद्यार्थ्यांना मानधन देऊन नेमता येईल, आणि ते मानधन विक्रीतून निघावे. जबाबदारी मात्र एका कायमस्वरूपी कर्मचाऱ्यावर असली पाहिजे. विद्यार्थ्यांनी सुरू केलेले चांगले उपक्रम, ती तुकडी उत्तीर्ण होऊन गेली की बंद पडतात, कारण किल्ली कोणाकडे आणि वही कोठे हे पुढच्यांना ठाऊकच नसते. विक्रीतला दर ठरवताना ज्यांना शुल्कसवलत मिळते अशा विद्यार्थ्यांना गरजेच्या वस्तू विनामूल्य द्याव्यात, आणि तेही गाजावाजा न करता, इतरांसारखीच पावती देऊन.

व्यापाऱ्यांचे नुकसान होईल अशी शंका काहींना येईल. वर्षातला हा आठवडा कित्येक दुकानांचा आधार असतो याची मला जाणीव आहे. तरीही अंथरुणे, साबण, वह्या, कुलपे, बल्ब ही खरेदी तशीच राहणार आहे; आणि चार आठवड्यांत विभागलेली विक्री एका आठवड्याच्या रेटारेटीपेक्षा दुकानदारालाही सोयीची असते, कारण त्याला अंदाज बांधून जादा माल भरावा लागत नाही आणि उरलेला पडत्या भावाने काढावा लागत नाही. ज्याला दीर्घकाळ टिकणाऱ्या, दुरुस्त होणाऱ्या वस्तू विकायच्या आहेत अशा दुकानदाराला तर यात संधीच आहे.

महानगरपालिकेने एवढेच करावे की वर्षअखेरीच्या ठरलेल्या दोन-तीन दिवसांत विद्यार्थी-वस्तीत मोठ्या सामानासाठी वेगळी गाडी फिरवावी, आणि तिचे वेळापत्रक घरमालकांमार्फत प्रत्येक भाडेकरूपर्यंत आधी पोहोचवावे. महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांची संख्याही पुष्कळ असते, आणि वसतिगृहाच्या भांडाराचा लाभ त्यांनाही खुला असावा.

संपादक महोदय, या सगळ्याची वेळ साधणे फार महत्त्वाचे आहे. प्रवेशाच्या गर्दीत भांडार उघडायचा विचार केला तर उशीर झालेला असतो, कारण तोवर मागच्या तुकडीचे सामान कचराभूमीत गेलेले असते. निर्णय वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक लागण्याआधी व्हायला हवा, जागा त्याच वेळी ठरायला हवी, आणि काय घेतले जाईल व काय नाही याची यादी शेवटच्या पेपरच्या किमान पंधरा दिवस आधी प्रत्येक मजल्यावर लागायला हवी. शहरातील महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी व वसतिगृहांच्या अधीक्षकांनी आपली भूमिका आपल्याच वृत्तपत्रातून कळवावी, आणि ज्या संस्था यंदा असे भांडार चालवण्यास तयार असतील त्यांची नावे व संकलनाच्या तारखा आपण प्रसिद्ध कराव्यात, अशी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
महाविद्यालय परिसरातील एक रहिवासी